ल्यूव्हनमधली जुनी दिसणारी घरे

बेल्जियममध्ये ब्रसेल्सहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत ल्यूव्हन येते. आलेला पाहुणा स्थानकाबाहेर पडला की बोंडखेनोटनलान या सरळसोट रस्त्याने नगरभवनाकडे चालू लागतो आणि छायाचित्रांत पाहिलेले ते नक्षीकाम कधी एकदा दिसते या घाईत दोन्ही बाजूंच्या घरांकडे पाहायचे राहून जाते. इथे राहणाऱ्याला अशी घाई नसल्यामुळे त्याचे लक्ष घरांकडे जाते. गावातल्या अनेक घरांच्या दर्शनी भिंतीत एक छोटा दगड बसवलेला दिसतो. त्यावर तलवार, पेटती मशाल आणि १९१४ हे साल कोरलेले असते. ज्या घरावर हा दगड आहे, ते घर पहिल्या महायुद्धात जळाले होते आणि नंतर नव्याने बांधले गेले, एवढाच त्याचा अर्थ. आता त्याच घरांत तळमजल्यावर चष्म्यांची आणि मोबाइलची दुकाने आहेत, वर भाडेकरू राहतात आणि खालून जाणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी मान वर करून पाहतो.

२५ ऑगस्ट १९१४ च्या रात्री जर्मन सैन्याने हे गाव पेटवायला सुरुवात केली. त्या काही दिवसांत इथले २४८ नागरिक मारले गेले, हजाराच्या आसपास घरे जळाली आणि विद्यापीठाचे ग्रंथालय हस्तलिखितांसकट खाक झाले. नगरभवन मात्र वाचले. म्हणूनच ‘मध्ययुगीन गाव’ ही माहितीपत्रकांतली ओळख मला अर्धवट वाटते, कारण ज्या त्रिकोणी माथ्यांच्या घरांपुढे लोक छायाचित्रे काढतात, त्यांतली पुष्कळशी घरे १९२० च्या दशकात जुन्या वळणावर बांधलेली आहेत. यात फसवणूक आहे असेही नाही. ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याच्यासाठी भिंतीवर साल लिहून ठेवलेलेच आहे.

ग्रंथालयाची गोष्ट याहून वेगळी, कारण ते एकदा नव्हे, दोनदा जळाले. व्हर्सायच्या तहात जर्मनीने ल्यूव्हनची पुस्तके भरून द्यावीत असे स्वतंत्र कलमच घालण्यात आले होते. इमारतीचा पैसा अमेरिकेतून आला, व्हिटनी वॉरन या अमेरिकी वास्तुकाराने ती रचली आणि १९२८ मध्ये ती खुली झाली. तिच्या भिंतींवरच्या दगडांत देणगी देणाऱ्या अमेरिकी शाळा, महाविद्यालये आणि संस्थांची नावे कोरलेली आहेत. उन्हाळ्यात तिथल्या पायऱ्यांवर बसून बटाट्याचे तळलेले काप खाणारी मुले त्या नावांना पाठ टेकून बसतात. मे १९४० मध्ये ही नवी इमारतही पेटली आणि सुमारे नऊ लाख ग्रंथ गेले. आराखडे हाताशी होते, त्यामुळे ती पुन्हा तशीच उभी करता आली. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे मुंबईहून ‘युरोपातले जुने’ पाहायला आलेले माझे पाहुणे ग्रंथालयाच्या ज्या मनोऱ्याकडे माना वर करून बघतात, तो त्यांच्या घरच्या मनोऱ्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान आहे. हे मी त्यांना आवर्जून सांगते, आणि ते त्यांना फारसे आवडत नाही.

ग्रंथालयापुढच्या चौकात उंच सुईवर टोचलेला एक भलामोठा हिरवा भुंगा उलटा लटकतो. ते शिल्प यान फाब्र यांचे आहे. शुक्रवारी त्याच चौकात आठवड्याचा बाजार भरतो, आणि सुईच्या आसपास मासे, चीज, मोजे आणि फुलझाडे यांचे ठेले लागतात. कोथिंबिरीची लहानशी जुडी पाहून जीव हरखतो, भाव ऐकून तो ठिकाणावर येतो.

नगरभवनाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्याच्याबद्दल सगळेच सांगतात. पंधराव्या शतकातल्या त्या इमारतीवर २३६ पुतळे आहेत, पण ते तिथे बसवले गेले १८५० नंतर. त्याआधी जवळजवळ चारशे वर्षे कोनाडे रिकामेच होते. समोरच्या सेंट पीटर चर्चचे मनोरे आकाशात फार उंच न्यायचे ठरले होते, पण खालची जमीन भार पेलेना, तेव्हा काम मध्येच थांबले आणि चर्च तसेच बुटके राहिले. तरीही आत डिर्क बाउट्सने १४६० च्या दशकात रंगवलेले शेवटच्या भोजनाचे चित्र आजही त्याच चर्चमध्ये, ज्यासाठी ते काढले होते तिथेच, पाहता येते.

मला सर्वांत जवळची वाटते ती डायले नदीकाठची मोठी बेखेनहोफ ही वस्ती. तेराव्या शतकापासून इथे बेगीन स्त्रिया राहत. त्या धार्मिक जीवन जगत, पण ख्रिस्ती मठातल्या जोगिणींसारखी कायमची शपथ घेत नसत; स्वतःची मालमत्ता ठेवत, काम करून पोट भरत आणि वाटले तर बाहेर पडून लग्नही करू शकत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वस्ती पार मोडकळीला आली होती. १९६२ मध्ये विद्यापीठाने ती विकत घेतली आणि प्राध्यापक रेमों लेमेर यांच्या देखरेखीखाली एकेक घर दुरुस्त केले. जुन्या वास्तूंची डागडुजी कशी करावी याबद्दलची १९६४ ची व्हेनिस सनद जगभर प्रमाण मानली जाते. तिच्या मसुद्यातही लेमेर यांचा मोठा वाटा होता. १९९८ मध्ये युनेस्कोने फ्लँडर्समधल्या, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागातल्या, अशा तेरा वस्त्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत ही एक आहे. पण हिचे संग्रहालय झालेले नाही. तिथे विद्यार्थी आणि बाहेरून आलेले संशोधक भाड्याने राहतात. लाल विटांच्या भिंतीतल्या ठेंगण्या दारातून वाकून बाहेर पडणारा माणूस बहुधा हातात सायकल आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेतलेला असतो, आणि संध्याकाळी एखाद्या खिडकीतून मोहरीच्या फोडणीचा वास आला तर आपल्याकडचे कोणी नवे आले आहे हे आपोआप कळते. गोटे बसवलेल्या त्या गल्ल्यांतून उंच टाचांची पादत्राणे घालून चालायचा हट्ट मात्र कोणी करू नये.

गावाचा आठवडा विद्यार्थ्यांच्या हातात आहे. खोलीला इथे ‘कोट’ म्हणतात, आणि बेल्जियन विद्यार्थी शनिवार-रविवार कोटवर थांबत नाही, घरी जातो. म्हणून इथली मौजेची रात्र गुरुवारची असते. त्या रात्री औदे मार्क्ट या चौकात, जिथे चारही बाजूंना बिअरची दुकाने खेटून उभी आहेत, पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवारी दुपारपासून धुवायच्या कपड्यांनी फुगलेल्या चाकांच्या बॅगा स्थानकाकडे निघतात आणि रविवारी संध्याकाळी त्याच बॅगा, आता आईने दिलेले डबे घेऊन, गोट्यांवर खडखडत परततात. रस्त्याकडेची खोली घेणाऱ्याने हा आवाज भाड्यातच धरलेला बरा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, पण सकाळी बेकरीसमोर रांग असते आणि त्या रांगेत पुढे घुसलेले कोणालाही खपत नाही. जानेवारी आणि जूनमधल्या परीक्षांच्या आधी ‘ब्लोक’ लागतो, म्हणजे घोकंपट्टीचे आठवडे. तेव्हा औदे मार्क्टसुद्धा शहाण्यासारखा वागतो.

मोटारींना २०१६ पासून गावात आरपार जाता येत नाही. मध्यभागाचे भाग पाडलेले आहेत आणि एका भागातून दुसऱ्यात जायला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून वळसा घ्यावा लागतो. सायकलला ही अट नाही, त्यामुळे पावसातही गाव सायकलवरच असते. छत्री धरून सायकल चालवणारी मुले पाहून पुण्याच्या माणसालाही घाम फुटेल.

राहता राहिली भाषा. आज हे गाव डचभाषक आहे आणि नगरपालिकेचा कारभारही डचमध्येच चालतो, पण १९६८ पर्यंत विद्यापीठात फ्रेंच आणि डच असे दोन्ही विभाग होते. फ्रेंच विभागाने गाव सोडावे या मागणीवरून रस्त्यांवर इतकी खणाखणी झाली की देशाचे सरकार पडले. फ्रेंच विभागासाठी दक्षिणेला लुव्हँ-ला-नव्ह हे संपूर्ण नवे गाव वसवण्यात आले, आणि त्याच्या आखणीत पुन्हा तेच रेमों लेमेर होते. दोनदा जळून पुन्हा जमवलेल्या ग्रंथांचीही वाटणी झाली, तीही बरीचशी सम-विषम क्रमांकांवरून. पुस्तकावर प्रेम असलेल्या कोणाही माणसाला हे ऐकून चीड यावी, आणि मला ती अजूनही येते.

या भाषावादाचा एक धागा भारतापर्यंत येतो. रामकथेचा शोध घेणारे आणि इंग्रजी-हिंदी कोश रचणारे फादर कामिल बुल्के हे फ्लँडर्सचे, आणि अभियांत्रिकी शिकले ते ल्यूव्हनला. विद्यार्थी असताना ते फ्लेमिश, म्हणजे इथल्या डच, भाषेच्या चळवळीत होते, आणि पुढे रांचीला राहून त्यांनी हिंदीची बाजू तितक्याच हट्टाने लढवली. माझ्या डचच्या वर्गात मी त्यांच्याबद्दल विचारले, तेव्हा शिक्षिकेने ते नाव ऐकलेले नव्हते. तिने ते फळ्यावर लिहून घेतले आणि पुढच्या तासाला मला त्यांच्यावर दहा वाक्ये बोलायला सांगितली, अर्थात डचमध्ये.