सीट कव्हरपासून हार्नेसपर्यंत : आमची वाटचाल

आमचं मूळ काम सीट कव्हरचं. नागपुरात कामठी रोडवर बाबांचं दुकान, एक शिलाई मशीन आणि रेक्झिनचे रोल. सीटबेल्ट म्हणजे कव्हर चढवताना मधे येणारी कटकट, एवढीच आमची त्याच्याशी ओळख.

मग ऑटोक्रॉसचा, म्हणजे आखलेल्या वळणदार ट्रॅकवर वेळ लावून गाडी पळवायचा नाद असलेली पोरं येऊ लागली. आधी बकेट सीट, म्हणजे अंगाला धरून ठेवणारी खोलगट रेसिंग सीट, मग फोर-पॉइंट हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून चार ठिकाणी बांधायचा रेसिंगचा पट्टा. मी लावलेला पहिला हार्नेस आठवला की आजही झोप उडते. खांद्याचे पट्टे मागच्या सीटखाली थेट फ्लोअरला ठोकले, बोल्टखाली साधा वॉशर. पट्टा जास्तीचा उरला, तर आमच्या शिवणाऱ्या काकांना म्हटलं, कापून टीप मारून द्या. काकांनी पट्टा दोन्ही हातांत धरून ताणला आणि परत माझ्या हातात दिला. "बाबू, हे गादीचं काम नाई. याच्यावर मानूस लटकते. मी नाई मारत टीप."

त्या रात्री मी हार्नेसच्या खोक्यातला कागद पहिल्यांदा नीट वाचला. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत, थोडा उतार चालतो. फ्लोअरला बांधले तर धडकेत तेच पट्टे खांदे खाली ओढतात आणि पाठीचा कणा दाबला जातो. शिवाय मांड्यांमधला पट्टा नसेल तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर चढवतात, माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो. दुसऱ्याच दिवशी पोराला बोलावून सगळं उतरवलं, भोकं वेल्डिंगने बुजवली. पैसे परत केले. बाबा आठवडाभर बोलले नाहीत.

आता नवीन भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली टॉर्च घेऊन झोपतो. वर ड्रिल चालवताना खाली ब्रेकचा पाइप किंवा पेट्रोलची टाकी निघू शकते. पत्र्यामागे 3 मिमी जाडीची, किमान 40 चौरस सेंमीची लोखंडी प्लेट, म्हणजे साधारण 8 बाय 5. कोपरे गोल घासलेले, नाहीतर प्लेटच पत्रा फाडते. बोल्ट 7/16 इंची, बारीक आट्याचा. डोक्यावर ग्रेडची खूण नसलेला बोल्ट आम्ही लावत नाही. पट्टा ॲडजस्टरमधून परत उलटा ओवायचा असतो. तो एक फेरा राहिला तर बाकी सगळी मेहनत वाया.

सेकंडहँड हार्नेस घेऊन कोणी आलं तर आधी लेबल बघतो. एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या मान्यतेच्या हार्नेसवर शेवटचं वर्ष छापलेलं असतं. त्यात आपलं नागपूरचं ऊन! मे महिन्यात 45 डिग्रीत उभ्या गाडीत पट्ट्याचा धागा कमजोर होतो, बकलला हात लावला तर चटका बसतो तो वेगळाच.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी भाग सुरू झाला आणि वेगळेच गिऱ्हाईक येऊ लागले. "भाऊ, शिर्डीले जातो, फॅमिलीसाठी हार्नेस लावून द्या." अशांना मी चहा पाजतो आणि नाही म्हणतो. कंपनीचा थ्री-पॉइंट पट्टा आणि एअरबॅग एकमेकांच्या हिशोबाने बनवलेले असतात. गाडी उलटून छत खाली आलं तर त्या पट्ट्यात अंग बाजूला झुकू शकतं; हार्नेसमध्ये माणूस ताठ बांधलेला, आणि छत पेलणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा, रोल केज, तर नाहीच. धड जखडलं की सगळा झटका मानेवर येतो, म्हणून रेसवाले हेल्मेटला हान्स, म्हणजे डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून खांद्यावर बसणारं साधन, लावतात. शिर्डीला कोण हेल्मेट घालून जातं?

ट्रॅकसाठी हार्नेस लावला तरी कंपनीचा पट्टा आम्ही काढत नाही. रस्त्यावर तोच लावायचा, चलानही त्याच्यासाठीच फाटतं. काही जण रागावून दुसरीकडे जातात. जाऊ दे.

सीट कव्हरचं काम अजूनही चालू आहे. गाडीच्या सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर आधी सांगा. त्या बाजूची शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची ठेवावी लागते, आणि ती अजून काकाच घालतात.