सावंतवाडी ते जुने गोवे : उपकारस्तुतीची पायवारी

24 नोव्हेंबरला संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, लागते आणि सिंधुदुर्गातले ख्रिस्ती लोक जुन्या गोव्याची वाट धरतात. फेस्त, म्हणजे संताचा सण, 3 डिसेंबरला. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी, रायबंदर असा साधारण 70 किलोमीटरचा पल्ला आम्ही तीन दिवसांत चालतो. दोन दिवसांतही होतो, पण मग प्रार्थना बाजूला राहते आणि नुसती पायपीट उरते.

नवस फेडायला येणारे पुष्कळ असतात. आमच्या गटात वाटेवर मागणं नाही, फक्त आभार. त्यासाठी बायबलमधलं 136 वं स्तोत्र घेतो. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ‘कारण त्याची दया सनातन आहे’ म्हणायचं, असं 26 वेळा. ते संपलं की प्रत्येकाने आपली ओळ घालायची. ऑपरेशन नीट झालं, पोराला नोकरी लागली, असल्या मोठ्या गोष्टी तासाभरात संपतात. मग बराच वेळ कुणाला काही सुचत नाही. त्यानंतर एखादी मावशी म्हणते, ‘डावी टाच अजून शाबूत आहे,’ आणि सगळे हसत हसत उत्तर देतात. खरी उपकारस्तुती तिथून सुरू होते असं आमचं मत.

रोझरीची, म्हणजे जपमाळेची, पाच दशकं (एक दशक म्हणजे दहा मण्यांचा जप) चालता चालता वीसेक मिनिटांत होतात, म्हणजे दीड किलोमीटर. चहा किती लांब असं विचारलं तर ‘दोन रोझरी’ हेच उत्तर. चढावर एकट्यानेच सांगायला घेतलं तर त्याला धाप लागते, म्हणून दर दशकाला सांगणारा बदलायचा.

इन्सुली घाटाचा उतार पायाच्या नखांचा शत्रू. बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि नखं काळी पडतात. नखं चार दिवस आधी कापावीत. उतारावर नाडी घोट्याशी घट्ट, बोटांकडे सैल ठेवावी. फोड नुसत्या अंतराने येत नाहीत, ओल्या मोज्यांनी येतात. पहाटेचं दव आणि घाम दोन्ही मुरतात. आत पातळ, वर जाड असे दोन मोजे घालावेत आणि प्रत्येक थांब्यावर बदलावेत. फोड आलाच तर कातडी सोलू नये. स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावं, पोव्हिडोन आयोडिन लावावं, वर पट्टी. मधुमेहवाल्यांनी सुई लावूच नये, डॉक्टर गाठावा.

सर्वांत हळू चालणारा पुढे, गाणारे मधे. गाणारे पुढे गेले की तालात वेग वाढतो आणि शेपूट तुटतं. झेवियर गोव्याच्या रस्त्यांवर घंटा वाजवत मुलांना धर्मशिक्षणाला बोलवत असे. आमची घंटा शेवटच्या माणसाच्या हातात असते. ती ऐकू आली नाही तर थांबायचं. रस्त्याची उजवी बाजू धरायची, म्हणजे समोरची गाडी दिसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुरकुर होतेच. पहिल्या दिवशी हौसेने धरलेला वेग, अपुरी झोप आणि घामातून गेलेलं मीठ, ही कारणं. श्रद्धा कमी पडली असं समजून कुणी स्वतःला कोसू नये; आधी मीठ-साखरेचं पाणी प्यावं. प्रार्थनेत मन लागत नसेल तर पाच दशकांऐवजी एकच म्हणावं, पण ठरल्या वेळी. जोर लावून प्रार्थना फार वेळ टिकत नाही, नेमाने टिकते.

मांडवी नदीच्या अलीकडच्या काठावरल्या बेतीहून पणजीला फेरीबोटीने जावं. पुढचा रायबंदरचा पोर्तुगीज बांधरस्ता तीनेक किलोमीटरचा आणि सावली जवळपास नाही. सकाळी आठच्या आत पार करावा.

जुन्या गोव्याच्या बासिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, झेवियरची चांदीची शवपेटी उंचावर आहे, हात लागत नाही. रांगेत ‘माझं काम होईल ना’ विचारणारा असतोच. त्याला सांगावं, ज्याच्याकडे आलास तो 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला; चीनच्या मुख्य भूमीवर पाऊल टाकायचं त्याचं काम राहूनच गेलं.

फेस्ताच्या दिवशी परतीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. 2 तारखेच्या पहाटेच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) पोचून, पापनिवेदन करून, जत्रेतलं खाजं घेऊन दुपारी निघावं. पिशवीत सैल चपला हव्यात, सुजलेले पाय पुन्हा बुटात जात नाहीत.