टिंबाच्या उजवीकडे

टीव्हीवर मॅच चालू असते. १२.३ षटकांत ९५ धावा. सोफ्यावरचा कुणीतरी मोबाइल काढतो, ९५ भागिले १२.३ करतो आणि ७.७२ चा रनरेट जाहीर करून मोकळा होतो. पडद्यावर ७.६० लिहिलेलं असतं. मग चॅनेलवाल्यांना गणित येत नाही इथपासून सुरुवात होऊन, अरे बाबा बारा षटकं तीन चेंडू म्हणजे साडेबारा, १२.५ ने भाग, इथपर्यंत गाडी येते. टिंब दिसायला दशांशचिन्हासारखंच, पण १२.५ नंतरचा चेंडू पडला की धावफलकावर थेट १३ लागतात. या टिंबाच्या उजवीकडे सहाच घरं आहेत.

क्रिकेटमध्ये यावरून कुणाचं काही जात नाही. जमिनीत जातं.

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकतं : ‘जमीन २.२० एकर, एकरी १२ लाख.’ शहरातला भाचा लगेच गुणाकार करून देतो, २६ लाख ४० हजार. पण लिहिणाऱ्याच्या मनात असतात दोन एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे ती जमीन झाली अडीच एकर आणि रक्कम झाली ३० लाख. एका टिंबात ३ लाख ६० हजार अडकलेले. प्रत्यक्ष व्यवहारात सहसा असा घोळ होत नाही, कारण गावाकडे टिंबावर कुणी विसंबत नाही. बांधावर उभं राहून तोंडी विचारून घेतात, ‘म्हंजे अडीच ना?’ आणि समोरचा ‘अडीच’ म्हणाला की तेच खरं.

सातबारा उघडला तर तिथलं टिंब आणखी निराळं. तिथे क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. हेक्टरचे आर शंभर, त्यामुळे हे टिंब निदान अस्सल दशांशचं. ०.८१ म्हणजे ८१ आर, म्हणजेच दोन एकर. एक आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१ चौरस मीटरच्या जरासा वर, इतके ते जवळचे. म्हणून जुनी माणसं आरलाच गुंठा म्हणून वेळ मारून नेतात आणि फार चुकतही नाहीत. गंमत होते ती मोठ्याने वाचताना. उताऱ्यावर ०.०५ असतं, पाच आर. वाचणारा म्हणतो, ‘पॉइंट पाच.’ ऐकणाऱ्याला अर्धा हेक्टर ऐकू येतो. मधलं शून्य बोलताना गळून पडलं की जमीन दहापट होते. सातबारा वाचताना शून्य गिळणाऱ्याला खरं तर उताराच हातात देऊ नये.

वेळेचंही तेच. साडेसात तासांचं काम वहीत ७.३० लिहिलं जातं आणि तोच आकडा संगणकाच्या तक्त्यात जाऊन पगाराच्या दराने गुणला जातो. तक्त्याला साठ मिनिटांचा पत्ता नसतो.

आता या सगळ्या ठिकाणी ‘सव्वादोन’ म्हणून बघा. सव्वादोन एकर म्हणजे दोन एकर दहा गुंठे. सव्वादोन तास म्हणजे दोन तास पंधरा मिनिटं. सव्वादोन फूट म्हणजे दोन फूट तीन इंच, सव्वादोन डझन केळी म्हणजे सत्तावीस, सव्वादोनशे म्हणजे दोनशे पंचवीस. उजवीकडे दहा आले, पंधरा आले, तीन आले, पंचवीस आले, पण सव्वाने दर वेळी समोरच्या मापाचा चौथा हिस्सा बिनबोभाट घेतला. अपूर्णांकाला मापाचे किती भाग पडतात हे विचारावंच लागत नाही. दशांशाला मात्र सगळं जग दहाचं, शंभराचं केलेलं लागतं. नसेल तर तो न कुरकुरता चुकीचं उत्तर देतो, आणि मला वाटतं त्याचा खरा धोका हा आहे. चुकलेला अपूर्णांक कानाला तरी खटकतो.

हिशेबाची ही रीत पूर्वी पाठच करून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. सतरा पाऊण पावणेतेरा, नऊ सव्वा सव्वाअकरा, सात औट साडेचोवीस. तीस वर्षांपूर्वीसुद्धा किराणा दुकानात गल्ल्यावरचे काका पावणेतीन किलो गुळाचे पैसे कागदाला पेन न लावता सांगत, त्यामागे हे पाठांतर होतं. पाठांतराचे गोडवे गायला मी बसलेलो नाही, औटकी मलाही येत नाही. पण त्या पाढ्यांत एक सोय होती, की उत्तर अपूर्णांकातच यायचं. रूपांतराची भानगडच नाही. लिहिण्यातही तेच होतं. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर किंमत सापडते, ‘१॥ रुपया’. ती उभी दंडकी म्हणजे पाव, दोन दंडक्या अर्धा, तीन पाऊण. टिंब नाही, भागाकाराची आडवी रेघही नाही, जेवढे पाव तेवढ्या काड्या.

रुपया तेव्हा चार चारच्या चार भागांतच होता, सोळा आणे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ या म्हणीची बेरीज करून बघा, बरोबर एक रुपया होतो. मसाल्यावर पंचाहत्तर टक्के खर्च, असं आज कुणी म्हणालं तर त्याला झणका राहणार नाही.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि अख्ख्या देशाला एकदम रूपांतराचा गृहपाठ मिळाला. अडचण सोळात होती. शंभराला सोळाने भागलं की सव्वासहा येतात आणि नाणं तर पाव पैशाचं नाही. तेव्हा तक्ता असा ठरला : एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. अर्धा किंवा त्याहून कमी असेल ते सोडायचं, अर्ध्याहून जास्त असेल तर पुढचा पैसा धरायचा. आता दोन आण्यांची वस्तू सकाळी एक आणि संध्याकाळी एक घेतली तर २४ पैसे, दोन्ही एकदम घेतल्या तर २५. तीन आण्यांचंही तेच : एकेक आणा तीनदा दिला तर १८, एकदम दिला तर १९. ‘नवे’ हा शब्द १९६४ साली गेला, २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, पण चार आण्यांची अक्कल काढणारे अजून आहेत.

भाजीबाजारात तर दोन्ही पद्धती एकाच गाड्यावर नांदतात. लसूण २०० रुपये किलो. मावशी इलेक्ट्रॉनिक काट्यावर मूठ टाकतात, काटा ०.१३८ दाखवतो. हिशेबाने २७ रुपये ६० पैसे, आणि सुपरमार्केटमधलं यंत्र तसंच लेबल छापून पिशवीवर डकवतं. मावशी त्या लाल आकड्यांकडे बघतात ते फक्त १२५ ओलांडलेत ना एवढ्यापुरतं. ‘अदपाव झाला. पंचवीस द्या.’ पावाला पन्नास, म्हणून अदपावाला पंचवीस, वरचे तेरा ग्रॅम नात्याचे. शाळेत ३/८ म्हणजे ०.३७५ हे घोकलेल्या मुलाला ३७५ ग्रॅम मटार आणायला पाठवावं. तो काट्यावरच्या आकड्याची वाट बघत एकेक शेंग टाकत राहील. मावशी म्हणतील, ‘पाव आन् अदपाव व्हय?’

जाता जाता : किलोचा कारभार दशांशाचा असल्यामुळे लोखंडी वजनांच्या कायदेशीर संचात ५०, १००, २००, ५०० ग्रॅम असे टप्पे आहेत. पाव किलोचं एकसंध वजन त्यात नाहीच. इतकी वर्षं सबंध महाराष्ट्राने पाव किलो भाजी २०० आणि ५० एकत्र ठेवून घेतली आहे.

पण अपूर्णांक जगायचा कसा हे बघायचं तर सुतारकामाजवळ उभं राहावं. आर्किटेक्टच्या नकाशात सगळं मिलिमीटरमध्ये असतं, मिस्त्रींच्या तोंडी सगळं फूट, इंच आणि सुतात. इंचाचे आठ सूत. १९ मिलिमीटरचं प्लाय त्यांच्या लेखी पाऊण इंची, १२ चं अर्धा इंची. कपाटातली एक फळी निघाली सत्तावीस इंच पाच सूत, आणि तिचे दोन सारखे भाग करायचे होते. मी मोबाइलवर पाच भागिले आठ करून २७.६२५ पर्यंत पोचलो, निम्मे केले, १३.८१२५ आले, आणि हा आकडा टेपवर कुठे शोधायचा या विचारात पडलो. तोवर मिस्त्री मनाशीच बोलत होते : सत्तावीसचे साडेतेरा, अर्ध्याचे चार सूत, पाचाचे अडीच, तेरा इंच साडेसहा सूत. कानावरची पेन्सिल निघाली, खूण झाली. दोन्ही उत्तरं एकच आहेत, फक्त त्यांचं टेपवर सापडतं. माझं चार दशांश स्थळांपर्यंत अचूक होतं. मग त्यांनी खुणेच्या नेमकं कुठल्या बाजूला कापायचं ते दाखवलं, कारण करवतीचं पातंच जवळजवळ सूतभर लाकूड खातं. तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळाचा भुसा जमिनीवर पडला होता.

दशांशाची बाजूही घ्यायला हवी. ७/१६ मोठे की ४/९, असं कुणी विचारलं तर मी मुकाट्याने ०.४३७५ आणि ०.४४४ करून बघतो. तुलना करायला, बेरजा करायला, टक्के काढायला त्याच्यासारखा सोपा गडी नाही. तापमापकावर शंभरच्या वर दोन पंचमांश कोण वाचणार?

त्याची गाडी अडते ती तीनापाशी. पाव .२५ वर थांबतो, अदपाव .१२५ वर, आणासुद्धा .०६२५ वर येऊन टेकतो. एक तृतीयांश थांबतच नाही, कारण दहाला दोन आणि पाचने भाग जातो, तीनने जात नाही. तिघांनी मिळून ५०० रुपयांचं जेवण केलं की ॲप प्रत्येकी १६६.६७ मागतं. तिघांचे मिळून होतात ५०० रुपये १ पैसा. १६६.६६ धरले तर दोन पैसे कमी पडतात. जुन्या रुपयात ही अडचण नव्हती. आण्याच्या बारा पै, रुपयाच्या १९२, आणि १९२ ला तीनने नीट भाग जातो. ५०० रुपये तिघांत म्हणजे प्रत्येकी १६६ रुपये १० आणे ८ पै, वर-खाली काही नाही. यूपीआयवर पै पाठवायची सोय नसल्यामुळे हल्ली हिशेब १७०, १६५, १६५ असा मिटतो, आणि पाच रुपये जास्त दिलेला गडी पुढच्या वेळी बडीशेपेच्या पुडीसकट ते वसूल करतो.