चार आठवड्यांच्या रिटेन्शनला पाच टेप लागतात

टेपवर बॅकअप अजून कोण घेतं असं विचारणाऱ्यांनी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये डोकवावं, एलटीओ (बॅकअपच्या टेप कार्ट्रिजचा एक प्रकार) ड्राईव्ह अजून चालू आहेत. क्लाऊड आहेच, पण शेजारच्या कंपनीत रॅन्समवेअर येऊन गेलं की मालकाला एकदम कपाटातली, कुठल्याच वायरला न जोडलेली कॉपी प्रिय होते. तर अशा ठिकाणी हमखास येणारा फोन म्हणजे, "सर, रात्री बॅकअप झालाच नाही, ओव्हरराईट करता येईल अशी टेप घाला म्हणतोय, पण टेप तर घातलेलीच आहे!"

टेप घातलेली असते हो, पण ती कुलूपबंद असते, म्हणजे जुन्यावर नवं लिहायला (ओव्हरराईट) सॉफ्टवेअर परवानगी देत नाही.

बॅकअप एक्झेक या बॅकअप सॉफ्टवेअरचं सांगतो कारण छोट्या कंपन्यांत मला तेच जास्त दिसतं. त्यात मीडिया सेटला, म्हणजे एकाच नियमाखाली ठेवलेल्या टेपच्या गटाला, दोन मुदती असतात. एक अपेंड पिरियड, म्हणजे त्या टेपवर पुढे पुढे किती दिवस लिहीत राहायचं, हा पहिल्या रायटिंगपासून मोजतात. दुसरा ओव्हरराईट प्रोटेक्शन पिरियड, म्हणजे किती दिवस टेपला हात लावायचा नाही, आणि हा मोजतात शेवटच्या रायटिंगपासून. सगळी गोम या "शेवटच्या" मध्ये आहे.

लोकांचा हिशोब असा की चार आठवडे डेटा ठेवायचाय (हेच रिटेन्शन) ना, मग चार टेप, दर सोमवारी एक बदलायची, पाचव्या सोमवारी परत पहिली लावायची. आता बघा, पहिल्या टेपवर सोमवार ते शुक्रवार रोज रात्री अपेंड झालं, शेवटचं रायटिंग शुक्रवारी रात्री, तिथून 28 दिवस मोजले की पाचव्या आठवड्यातला शुक्रवार येतो. म्हणजे पाचव्या सोमवारी ती टेप लॉकच आहे आणि अजून चार-पाच दिवस राहणार. सॉफ्टवेअरचं काही चुकत नाही, तुम्ही चार आठवडे सांगितले, ते चार आठवडे सांभाळतंय. पाचवी टेप आणा, सहाव्या सोमवारी पहिली मोकळी झालेली असेल. आणि अपेंड पिरियड जर कुणी अमर्याद करून ठेवला असेल तर विचारूच नका, दर रात्री मुदत नव्यानं सुरू होते आणि टेप गच्च भरेपर्यंत सुटायची तारीख पुढे पुढे सरकत राहते.

यातलाच एक बारीक प्रकार आहे. शुक्रवारी रात्री 9 ला फुल बॅकअप सुरू झाला, पहाटे 3 ला संपला. बरोबर चार आठवड्यांनी तीच टेप शुक्रवारी 9 ला लावली तर ती अजून सहा तास लॉक आहे, जॉब (बॅकअपचं ठरवून दिलेलं काम) ताटकळत बसणार आणि सकाळी ऑफिस उघडल्यावर कुणाच्यातरी लक्षात येणार. म्हणून तिथे 28 ऐवजी 27 दिवस टाकायचे. मॅनेजमेंटला चार आठवडे सांगितलेत तर 27 चालतात का, हा प्रश्न त्यांनाच विचारून घ्या, आपण मधे पडायचं नाही.

पण होतं काय की रोजच्या कटकटीला वैतागून कुणीतरी ग्लोबल सेटिंगमध्ये जाऊन प्रोटेक्शन लेव्हलच 'नन', म्हणजे संरक्षण काहीच नाही, करून टाकतो. जॉब लगेच हिरवे दिसायला लागतात, सगळे खूश. माझ्या मते हे अख्ख्या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात घातक बटण आहे, कारण आता ड्राईव्हमध्ये जी टेप असेल तिच्यावर लिहिलं जाणार, मग ती कालची असो की मार्च एंडची. आणि टेप हार्ड डिस्कसारखी नसते, मधली एक फाईल उडवली आणि जागा रिकामी झाली असं काही होत नाही. ओव्हरराईट सुरुवातीपासून होतो आणि जॉब संपतो तिथे डेटा संपल्याची नवी खूण पडते, ड्राईव्ह त्याच्या पुढे वाचतच नाही. एलटीओ-6 वर 2.5 टीबी मावतो, ती भरलेली असताना चुकून 2 जीबीचा टेस्ट जॉब पडला तरी उरलेलं सगळं आपल्यापुरतं गेलं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मुदत संपली म्हणजे डेटा पुसला असं नाही, टेपवर पुन्हा लिहिण्याची परवानगी मिळाली एवढंच. अकाउंट्सवाल्यांना दीड महिन्यापूर्वीची फाईल हवी असेल आणि त्या टेपवर अजून काही लिहिलं गेलं नसेल तर आधी ती बाहेर काढा, कार्ट्रिजवरचा राईट प्रोटेक्टचा छोटा खटका सरकवा, मग इन्व्हेंटरी (कुठली टेप आहे ते ओळखणं), कॅटलॉग (तिच्यावर काय आहे त्याची यादी वाचणं) आणि रिस्टोर. याच कारणासाठी मी सेटिंगमध्ये आधी स्क्रॅच, म्हणजे कोऱ्या किंवा मोकळ्या, टेप वापर, मुदत संपलेल्या जुन्या नंतर, असंच ठेवतो, जेवढं उशिरा पुसलं जाईल तेवढं बरं.

वर्षअखेरचा मामला वेगळाच. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात, त्यामुळे 31 मार्चची टेप रोजच्या चक्रात येताच कामा नये. तिचा मीडिया सेट वेगळा, कधीच ओव्हरराईट नाही असा, आणि वर तो खटका सरकवलेलाच हवा. नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका, कारण ही मुदत टेपवर नाही, सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते. सर्व्हर बसला, नवीन इन्स्टॉल केला, की जुन्या टेप त्याला परक्या वाटतात, इम्पोर्टेड म्हणून येतात, आणि प्रोटेक्शन लेव्हल 'पार्शल' असेल तर परक्या टेपवर तो खुशाल लिहितो. खटका सरकवलेला असेल तर मात्र ड्राईव्हच लिहायला नकार देतो.

आणि एवढं सगळं करून ड्राईव्ह विसरतात लोक. एलटीओ-7 पर्यंतचे ड्राईव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचे, एलटीओ-8 मात्र फक्त एलटीओ-7 आणि स्वतःची वाचतो. म्हणजे 2019 ची एलटीओ-6 टेप कपाटात अगदी ठणठणीत आहे आणि नवीन ड्राईव्हला ती वाचताच येत नाही. एका क्लायंटनं मागच्या महिन्यात जुना ड्राईव्ह भंगारात काढायच्या यादीत टाकला होता. तो काढून घेतलाय, आता एका जुन्या पीसीला एसएएस कार्ड (असा ड्राईव्ह जोडायला लागणारं) टाकून त्यावर लावायचाय, कार्ड मिळालं की जोडतो.