एबीएसचा दिवा आणि दोन वेगळे बिघाड: जुन्या फोर बाय फोरचा माझा अनुभव

डॅशबोर्डवरचा एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा सुरुवातीला आठवड्यातून एखाद्या वेळी लागायचा. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की विझायचा, म्हणून मीही दुर्लक्ष केलं. मग तो रोज लागायला लागला. त्याच सुमारास दुसरी तक्रार सुरू झाली. हळूहळू ब्रेक दाबत गाडी अगदी थांबायच्या बेतात आली की पेडल पायाखाली थरथरायचं, खालून घरघर ऐकू यायची आणि गाडी हातभर पुढे सरकून मग उभी राहायची. समोर माणूस किंवा दुसरी गाडी असेल तर तो हातभर फार मोठा असतो. मला त्याची खरोखर भीती बसली.

मी मेकॅनिक नाही. मल्टीमीटर वापरता येतो, गाडी जॅकवर नीट घेता येते आणि मॅन्युअल वाचायची सवय आहे, एवढीच तयारी. पण ब्रेकच्या बाबतीत अंदाजाने पुढे जायचं नाही हे ठरवलं होतं, आणि तरी पहिली चूक अंदाजानेच झाली.

आधी एक गोष्ट तपासली. नुसता पिवळा दिवा लागला असेल तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त चाक लॉक होण्यापासून वाचवणारी यंत्रणा बंद असते. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी जागची हलवू नये. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा मागच्या-पुढच्या चाकांमधली ब्रेकच्या जोराची वाटणीही बंद पडलेली असू शकते. माझ्याकडे लाल दिवा नव्हता. ऑइलची पातळी बरोबर होती, बॅटरी आणि अल्टरनेटरचा व्होल्टेजही ठीक होता. व्होल्टेज पडला तरी एबीएसचा कॉम्प्युटर स्वतःला बंद करून घेतो, म्हणून तो आधी बघितलेला बरा.

मग कोड, म्हणजे बिघाड कुठे आहे ते सांगणारी कॉम्प्युटरमधली खूण. बाजारात सहज मिळणारा साधा स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएसचे वाचेलच असं नाही. माझी गाडी तर इतकी जुनी, की डायग्नोस्टिक सॉकेटमधल्या ठरलेल्या दोन पिना वायरने जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. दिवा तीनदा लुकलुकला, थोडा थांबला, मग एकदा लुकलुकला. मॅन्युअलच्या तक्त्यात या खुणेपुढे लिहिलं होतं, पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. मी त्यातला ‘सेन्सर’ वाचला आणि ‘सर्किट’ सोडून दिलं. नवा सेन्सर आणला, बसवला, कोड पुसला. तीन दिवसांनी दिवा परत लागला, कोडही तोच.

ओळखीच्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “जुना सेन्सर काढण्याआधी मोजला होतात का?”

“हो काका, कनेक्टर सोडवून मोजला. हजारेक ओहम आले.”

“म्हणजे सेन्सर चांगला होता. कोडने तुम्हाला चाक सांगितलं, पार्ट नाही सांगितला. वायर कोण मोजणार? कॉम्प्युटरचा प्लग काढा आणि त्या टोकाकडून चारही चाकं मोजा.”

या एका वाक्याने सगळं काम मार्गी लागलं. जुन्या गाड्यांमधला सेन्सर म्हणजे एक चुंबक आणि त्यावर गुंडाळलेली तारेची कॉइल. समोरून चाकासोबत दात असलेली टोन रिंग फिरते आणि प्रत्येक दातागणिक कॉइलमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो. त्याला बाहेरून वीज लागत नाही, म्हणून तो ओहमवर तपासता येतो. (नव्या गाड्यांमधले सेन्सर वेगळ्या जातीचे असतात. त्यांना ओहममीटर लावू नये, खराब होऊ शकतात.) कॉम्प्युटरच्या प्लगमधून मोजलं की सेन्सर, कनेक्टर आणि मधली सगळी वायर एकाच वाचनात येते. कॉम्प्युटरला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं.

इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, प्लग काढला. चारही चाकांचं वाचन १.०५ ते १.१५ किलोओहमच्या दरम्यान आलं. उजव्या पुढच्यातही काही खोट नाही! मी थोडा खचलो. मग धाकट्या भावाला स्टिअरिंगवर बसवलं, मीटर त्याच्याच शेजारी ठेवला आणि मी चाकाशी बसलो. त्याला सांगितलं, स्टिअरिंग सावकाश डावीकडे शेवटपर्यंत ने आणि आकडा वाचत राहा. तो वाचत होता, “एक पॉइंट एक... एक पॉइंट एक... दादा, उडाला! काहीच दाखवत नाहीये.” स्टिअरिंग सरळ केलं की आकडा परत यायचा.

आता हाताने वायर चाचपत गेलो. नव्या सेन्सरची वायर साहजिकच ठीक होती. कनेक्टरच्या पलीकडे, गाडीच्या बाजूच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) दोन बोटांच्या अंतरावर एक जागा वाकवली की आकडा उडायचा. वरचं इन्सुलेशन शाबूत, आतले तांब्याचे धागे तुटलेले. मुळाशी होती एक क्लिप. कनेक्टर ज्या क्लिपने बॉडीला घट्ट बसलेला असायचा ती कधीतरी तुटून पडली होती. त्यामुळे कनेक्टर लोंबकळत होता आणि दर वळणावर चाक ती वायर ओढत होतं. चाकाची हालचाल सेन्सरच्या स्वतःच्या लवचीक वायरने सोसायची असते, हार्नेसने नाही.

तुटका तुकडा कापून त्याच जाडीची वायर क्रिंप जोडाने (दाबून बसवायच्या धातूच्या नळीने) घातली. सोल्डर मुद्दाम टाळलं, कारण हलणाऱ्या वायरमध्ये सोल्डरचा भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. दोन्ही वायरींचे जोड एकमेकांसमोर न ठेवता मागेपुढे ठेवले, वर गोंदाची हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवली. मूळच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या होत्या, तो पीळही तसाच ठेवला. तो शोभेसाठी नसतो. इतक्या बारीक सिग्नलमध्ये बाहेरची विद्युत गडबड शिरू नये म्हणून असतो. शेवटी नवी क्लिप बसवली.

दिवा गेला. पेडलची थरथर मात्र तशीच राहिली.

इतके दिवस मी दोन्ही तक्रारी एकाच बिघाडाच्या धरत होतो, म्हणून हा क्षण जड गेला. ब्रेकची डिस्क वाकडी झाल्यामुळे पेडल थरथरत असेल अशीही शंका आली. ती फेडायला मोकळ्या मैदानात एबीएसचा फ्यूज काढून अगदी कमी वेगात ब्रेक लावून पाहिले. थरथर एकदम गायब. म्हणजे डिस्क नाही, एबीएसच विनाकारण काम करत होतं. (फ्यूज काढून रस्त्यावर अजिबात जाऊ नका. चाकं लॉक होऊ शकतात.)

आता ओहम सोडून मीटर एसी मिलिव्होल्टवर लावला. मागचा अॅक्सल दोन्ही बाजूंनी स्टँडवर घेतला, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसचा (ताकद दोन की चार चाकांना द्यायची ते ठरवणाऱ्या गिअरपेटीचा) लिव्हर टू-व्हीलवर, हँडब्रेक सोडलेला. चाक हाताने सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने फिरवायचं. माझ्या टायरचा परीघ २.२ मीटर आहे, म्हणजे सेकंदाला एक फेरा हा ताशी ८ किमीच्या आसपासचा वेग झाला. थरथर नेमकी याच वेगाला यायची. उजव्या मागच्या चाकाने सुमारे २४० मिलिव्होल्ट दिले, डाव्या मागच्याने जेमतेम ८०. पुढची चाकं उचलून तीही मोजली. दोन्ही २०० च्या वर.

मग सगळं समजलं. या सेन्सरचा सिग्नल वेगासोबत वाढतो आणि वेग कमी झाला की मंदावतो. अगदी थांबता थांबता तो कोणत्याच चाकाचा वाचता येत नाही, आणि कॉम्प्युटर ते गृहीत धरतो. पण एक सेन्सर इतरांपेक्षा आधीच गप्प झाला, तर कॉम्प्युटरला दिसतं की तीन चाकं ताशी ८ किमीने फिरताहेत आणि चौथं थांबलंय. त्याच्या लेखी ते चाक लॉक झालं, म्हणून तो ब्रेकचा दाब सोडतो. सर्किट शाबूत असल्यामुळे कोडही पडत नाही. दिव्याच्या भरवशावर राहिलो असतो तर हा बिघाड कधीच सापडला नसता.

डावा मागचा सेन्सर गंजाने घट्ट धरला होता. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी हाताने डावीउजवीकडे फिरवत सोडवला. त्याच्या बैठकीवर गंजाचा थर फुगला होता आणि त्या थराने सेन्सरला रिंगपासून दूर ढकललं होतं. चुंबकाच्या टोकाला लोखंडी भुगा चिकटलेला. पितळी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) सेन्सर आणि रिंगमधली फट आधीच मोजून ठेवली होती, ती १.८ मिमी होती. स्टीलचं गेज चुंबकाला चिकटतं, म्हणून पितळी. बैठक पॉलिश पेपरने चकचकीत केली, रिंगचे दात ब्रशने साफ केले, एकही दात तुटलेला किंवा रिंग तडकलेली नाही हे टॉर्चने पूर्ण फेरा फिरवून पाहिलं, बेअरिंगला खेळ नाही याचीही खात्री केली. परत बसवल्यावर फट ०.९ मिमी भरली आणि वाचन २३० मिलिव्होल्टवर गेलं.

फोर बाय फोर असल्यामुळे आणखी एक तपासणी केली. फोर-व्हील मोडमध्ये पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बांधले जातात, त्यामुळे निसरड्यावर चारही चाकं एकदम मंदावू शकतात आणि तुलना करायला कॉम्प्युटरला खरं फिरणारं चाकच उरत नाही. म्हणून अशा बऱ्याच गाड्यांमध्ये वेग किती झपाट्याने घटतोय ते मोजणारा जी-सेन्सर असतो. माझ्या गाडीतला सरळ आणि घट्ट बसलेला आहे हे पाहिलं. टायरच्या घेरातल्या फरकाने चाकांच्या वेगाची तुलना चुकत नाही ना हे बघायला खडूची खूण करून पुढचं आणि मागचं टायर प्रत्येकी एक फेरा ढकलून मोजलं, फरक काही मिलिमीटरचाच होता. फोर-व्हील ड्राइव्ह आणि अँटी-लॉक ब्रेक यांची जोडी मला वाटत होती त्यापेक्षा खूप जुनी निघाली. १९६६ च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश कारमध्ये दोन्ही होतं, आणि तिची डनलॉप मॅक्सारेट यंत्रणा मुळात विमानांसाठी बनलेली, पूर्ण यांत्रिक. बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस त्यानंतर १९७८ मध्ये आली.

परवा ओल्या मैदानावर चाचणी घेतली. चावी फिरवल्यावर दिवा लागून तीनेक सेकंदांत विझला. ताशी ८ किमीच्या वर नेऊन दहा वेळा हळू थांबवली, पेडल शांत. मग वेग घेऊन जोरात ब्रेक दाबला आणि पेडलने हवी तेव्हा, हवी तशी थरथर दिली. भाऊ बाहेर उभा राहून चाकं बघत होता. चारही फिरत राहिली. घरी येऊन चारही चाकांचे ओहम, मिलिव्होल्ट आणि त्या दिवशीची तारीख सर्व्हिसच्या वहीत लिहिली. आधी काढलेला जुना सेन्सर पुसून, त्यावर ‘उजवा पुढचा, चांगला’ अशी चिठ्ठी लावून टूलबॉक्समध्ये ठेवला आहे.