चढणीचे मासे, पण चारशे फुटी धबधब्यावर

चढणीचे मासे म्हणलं की आपल्याला काय आठवतं, मृगाचा पहिला दणका पाऊस, ओढ्याला आलेलं गढूळ पाणी आणि त्या पाण्याच्या उलट अंगानं उड्या मारत पार शेताच्या बांधापर्यंत येणारे मासे. हवाई बेटांवर असाच एक प्रकार आहे, फक्त तिथला मासा असतो बोटाच्या पेराएवढा आणि तो चढतो सरळ उभ्या कड्यावरून कोसळणाऱ्या धबधब्यावर. तिथं आकाका नावाचा धबधबा आहे, 442 फूट उंच, आणि त्याच्या वरच्या अंगाच्या पाण्यातसुद्धा ओओपू आलामोओ नावाचा मासा सापडतो. कुणी नेऊन सोडलेला नाही, स्वतः चढून गेलाय.

बरेच दिवस झाले, मी पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल मिळेल ते वाचत बसतो. झूलॉजी शिकलेलो असल्यानं आवड तर आहेच, पण खरं कारण आपली गोदावरी आहे, ते पुढं सांगतो.

आधी हे चढणं कसं होतं ते बघा. हे सगळे गोबी कुळातले मासे. यांचे पोटाखालचे दोन पर एकत्र जुळून त्याची एक गोल चकती झालेली असते, ती दगडाला चिकटते. आलामोओ अंगाला झटका देऊन थोडं वर सरकतो, चिकटून थांबतो, परत झटका. त्याचा भाऊबंद नोपिली आणखी भारी. समुद्रातून परत येताना त्याचं तोंड समोर असतं, आणि नदीत शिरल्यावर दोन-एक दिवसांत तेच तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला सरकतं, म्हणजे कवटीच नव्यानं बांधली म्हणा ना. मग तो तोंड चिकटवतो, पोटाची चकती सोडतो, अंग वर ओढतो, चकती चिकटवतो, तोंड सोडतो, आणि असं करत करत ओल्या कातळावरून तासन् तास वर जात राहतो. याच तोंडानं पुढं आयुष्यभर दगडावरचं शेवाळ खरवडून खातो.

मी वर समुद्र म्हणलं, आता तीच खरी गोष्ट आहे. ही बेटं ज्वालामुखीतून समुद्राच्या बुडापासून वर आलेली, कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती, त्यामुळं आपल्या रोहू-मरळसारखा पक्का गोड्या पाण्याचा मासा तिथं पोचायचा कसा? जे पोचले ते समुद्राकडूनच पोचले. हवाईत मूळचे नदीतले मासे मोजून पाच जातींचे, आणि पाचही जाती आजही लहानपणी समुद्रात जातात. मादी दगडाखाली अंडी घालते, नर राखण करतो, पिल्लू बाहेर पडलं की प्रवाहाबरोबर वाहत खाली समुद्राकडं. ते इतकं बारीक असतं की थोड्या दिवसांत खारं पाणी मिळालं नाही तर उपाशी मरतं. समुद्रात काही महिने काढायचे, आणि मग एखाद्या नदीच्या मुखाशी गोड्या पाण्याचा माग लागला की आत शिरून चढायला लागायचं.

हे सगळं शास्त्रज्ञांना कळलं कसं, तर माशाच्या कानात एक बारीकसा खडा असतो, त्यावर रोज एक थर चढतो. तो खडा घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला की थर मोजता येतात, आणि कोणत्या थरात स्ट्रॉन्शियम (समुद्राच्या पाण्यात जास्त असणारं एक मूलद्रव्य) जास्त आहे त्यावरून हा मासा समुद्रात किती दिवस होता तेही निघतं. मला हे वाचून अक्षरशः भरून आलं. एवढासा जीव, आणि त्याच्या कानात त्याचा सगळा प्रवास नोंदलेला. डीएनए तपासल्यावर अजून एक गोष्ट पुढं आली, एका नदीतलं पिल्लू त्याच नदीत परत येईलच असं नाही, दुसऱ्या बेटावरही जातं. म्हणजे एका बेटावरचा ओढा आटला तर दुसऱ्या बेटावर मासे कमी होऊ शकतात, आणि एकच ओढा राखून भागत नाही.

(जाता जाता, जपानचे आधीचे सम्राट अकिहितो हे स्वतः गोबी माशांचे जाणते अभ्यासक आहेत, आणि पॅसिफिक बेटांवरच्या ओढ्यातल्या गोबींच्या एका गटाला अकिहितो हेच नाव दिलंय, त्यातला एक मासा वानुआतूचा. असा राजा मला फार आवडतो.)

आता ऊस. हो, तिथंही ऊसच. 1870 च्या दशकात हवाईतल्या माऊई बेटावर साखरेच्या मळेवाल्यांनी पूर्वेकडच्या पावसाळी डोंगरातले ओढे अडवून कालवे खोदले आणि पाणी कोरड्या बाजूच्या उसाला वळवलं. कालव्याच्या खाली ओढ्याचं पात्र कोरडंठाक. पिल्लानं समुद्रात जायचं कुठून आणि मोठ्यानं वर यायचं कुठून? नुसते मासेच नाहीत, खालच्या गावातले मूळ हवाईयन शेतकरी वाहत्या पाण्यावर अळूची खाचरं करायचे, आपल्याकडं भाताची असतात तशी, त्यांचंही पाणी गेलं. अळू हे त्यांचं मुख्य अन्न आहे, आपल्यासारखं वडीपुरतं नाही. 2001 मध्ये या लोकांनी 27 ओढ्यांचं पाणी परत मागितलं, वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या, तेवढ्यात 2016 मध्ये हवाईतला शेवटचा उसाचा मळाच बंद झाला, आणि जून 2018 मध्ये तिथल्या पाणी आयोगानं बऱ्याच ओढ्यांचं पाणी परत सोडायचा आदेश काढला. त्यात अळूच्या शेतीचा विचार होता आणि ओढ्यातल्या माशांच्या अधिवासाचाही होता. पाण्याचा निकाल लिहिताना मासा हा एक हक्कदार म्हणून कागदावर येतो, हे वाचून मी कितीतरी वेळ तिथंच थांबलो होतो.

कारण आपल्याकडं दर दिवाळीच्या आधी काय चालू असतं ते सगळ्यांना माहीत आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के भरतंय का नाही, वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून सोडायचं का नाही, मोर्चे, कोर्ट, टीएमसी. मराठवाड्याच्या हक्काचं पाणी मिळालंच पाहिजे, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या सगळ्या हिशोबात पिण्याचं, एमआयडीसीचं, शेतीचं असे आकडे ऐकू येतात, नदीत राहणाऱ्याचं किती हे मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पैठणच्या खाली उन्हाळ्यात पात्रात उतरून बघा, डबकी आणि वाळूचे खड्डे. वाळू उपशाबद्दल बोलायचं तर लोक महसूल बुडाला म्हणून ओरडतात, पण त्याच वाळूत, त्याच गोट्यांत कितीतरी मासे अंडी घालतात, ते कुणी धरतच नाही.

गोदावरीतही समुद्राशी नातं असलेले मासे होते बरं का. पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिलसा, समुद्रातून अंडी घालायला गोदावरीत चढायचा, त्याची वाट 1852 च्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यानं अडवली. तो बंधारा आपल्यापासून शेकडो किलोमीटर खाली, आंध्रात. त्यानंतर आपण वरपर्यंत बांधतच आलो.

दुसरी गोष्ट चिलापीची. पैठणला मासळी घ्यायला गेलं की टोपलीत काळपट करडी चिलापी जास्त दिसते. एका भोई काकांना विचारलं, काका पूर्वीचे मासे कुठं गेले, तर म्हणाले, "ही बाई तोंडात पिल्लं सांभाळती, हिचं मरत नाही अन् दुसऱ्याचं जगू देत नाही." मोझांबिक चिलापी खरंच अंडी-पिल्लं तोंडात धरून वाढवते, काकांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. ही आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणली, आणि फिजीतही लोकांना प्रथिनं मिळावीत म्हणून सोडली. फिजीतल्या नद्यांचा अभ्यास झालाय, जिथं चिलापी पक्की बसलीय तिथं, ती नसलेल्या चांगल्या नद्यांपेक्षा मूळच्या माशांच्या 11 जाती कमी सापडल्या. आणि जिथं काठचं जंगल तोडलं तिथंही मासे कमी, कारण जंगल गेलं की गाळ येतो, दगड गाळाखाली जातात, मग शेवाळ नाही आणि अंडी घालायला जागा नाही. चिलापी स्वस्त आहे, गरिबाच्या ताटात येते, भोई लोकांचं घर चालतं, म्हणून तिला शिव्या देणं मला जमत नाही. पण आणखी नवीन पाण्यात ती सोडू नका एवढं तरी ठरवता येईल की नाही?

गप्पीचंही तेच. डेंग्यूच्या दिवसात हौदात, टाकीत गप्पी सोडतात, बंद पाण्यात ते ठीकच आहे. पण उरलेले उत्साहानं ओढ्यात-नदीत ओततात ना, ते थांबवा. हवाईत डास खायला 1905 मध्ये गॅम्बुसिया नावाचा छोटा मासा आणला, पुढं गप्पी आले, आणि या बाहेरच्या छोट्या माशांबरोबर परजीवी जंत आले ते आता तिथल्या मूळच्या ओओपू माशांच्या आतड्यात सापडतात. आपल्या ओढ्यातले स्थानिक बारके मासे डासांच्या अळ्या खातातच, त्यांना फक्त पाणी पाहिजे.

हवाईतले अभ्यासक काय करतात, तर गुडघाभर पाण्यात तोंड बुडवून, स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, लावून पालथे पडतात आणि दगड-दगड बघत मासे मोजत वर सरकतात. याला फार पैसा लागत नाही. आपल्याकडं गोदावरी आहे, दुधना, पूर्णा, मांजरा, सिंदफणा आहेत, गावोगावी सीनियर कॉलेजं आहेत, झूलॉजीची पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. आणि पाण्यात आयुष्य घातलेले भोई अजून आहेत, त्यांना खवल्या कुठं मिळायचा, वांब कुठल्या दगडाखाली असायची, कोणता मासा कोणत्या सालापासून दिसला नाही, हे तोंडपाठ आहे. ती माणसं सत्तरीला आलीत. म्हणून माझं एवढंच मागणं आहे, तुमच्या गावच्या नदीत, ओढ्यात पूर्वी कोणते मासे चढायचे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, गावातली नावं जशीच्या तशी लिहा, साल आठवत असेल तर साल, ठिकाणाचं नाव, आणि मला पाठवा. मी यादी करायला घेतलीय, पैठण ते नांदेड.