आवाजाच्या पोटातले शब्द: संगणकावरचे कोश शेजारी ठेवून लिहिताना

आवाजांवरचा एक मोठा लेख लिहीत होते. घरात, रस्त्यावर, रानात दिवसभर आपल्या कानावर काय काय पडतं आणि त्यातलं आपण किती ऐकतो, असा विषय. खर्डा पूर्ण करून वाचायला घेतला, तर पानोपानी एकच शब्द: पाण्याचा आवाज, पानांचा आवाज, पावलांचा आवाज, दूरच्या यंत्राचा आवाज. पहिल्या खर्ड्यात हे होतंच, तेव्हा मनातलं उतरवून काढायची घाई असते. पण लेखाचा विषयच आवाज असताना सगळ्यांना एकाच नावानं हाक मारून चालणार नव्हतं. म्हणून संगणकावर कोश नीट बसवून घ्यायचे आणि दुसरा खर्डा ते शेजारी ठेवूनच लिहायचा, असं ठरवलं. मराठीत लिहिणाऱ्याला या कामात काही खास अडचणी येतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आधी कोश कोणते ते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मात्र लिहिता लिहिता दर वेळी ब्राउझर उघडला की तिथे दुसरंच काहीतरी समोर येतं आणि वाक्य हातातून जातं. त्यासाठी गोल्डनडिक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर घेतलं. स्टारडिक्ट, बॅबिलॉन, डीएसएल अशा निरनिराळ्या स्वरूपांतले कोश ते एकाच खिडकीत उघडतं, आणि जुन्या मराठी कोशांच्या स्टारडिक्ट फायली मिळतातही. फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, तो फोल्डर सॉफ्टवेअरला दाखवायचा, अनुक्रमणिका तयार होईपर्यंत थांबायचं. एवढंच काम. नंतर शब्द निवडून कंट्रोल धरून सी दोनदा दाबला की त्या शब्दाची छोटी खिडकी उघडते. इंटरनेट लागत नाही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी सोय.

इथवर सगळं सरळ झालं. मग ‘ध्वनी’ शोधला, आणि जुन्या कोशांत तो सापडेचना.

कारण उघड आहे, पण ते लक्षात यावं लागतं. हे कोश छापले गेले तेव्हा आजचे शुद्धलेखनाचे नियम नव्हते. आपण ज्या नियमांनी लिहितो ते १९६२चे, त्यात १९७२मध्ये आणखी चारांची भर पडली. त्या नियमांनी तत्सम शब्दांच्या शेवटचा ऱ्हस्व इकार-उकार दीर्घ केला आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. जुन्या कोशात ‘ध्वनि’ आहे, ‘ध्वनी’ नाही. ‘कांहीं’ आहे, ‘काही’ नाही. क्रियापदं तर सगळीच ‘णें’वर संपतात, त्यामुळे ‘गुणगुणणे’ असं नीट टाइप केलं की हाती शून्य. उपाय सोपा आहे: शब्द शेवटपर्यंत टाइप करायचाच नाही. ‘ध्वन’, ‘गुणगुण’ एवढ्यावर थांबलं की त्यापुढे सुरू होणाऱ्या शब्दांची यादी बाजूला दिसते, तिच्यातून निवडायचं. मधल्या अक्षराची शंका असेल तर प्रश्नचिन्ह किंवा फुली टाकूनही शोधता येतं. जुन्या कोशात शब्द मिळाला नाही म्हणून ‘हा शब्द मराठीत नाहीच’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी एक अनुस्वार देऊन पाहावा, ही कळकळीची विनंती.

दुसरी अडचण विभक्तीची. मजकुरातला ‘चाहुलीने’ निवडला तर कोश गप्प, कारण त्याला ‘चाहूल’ माहीत आहे. मराठी शब्द सामान्यरूपात गेला की प्रत्यय तर लागतोच, शिवाय शब्दाचं पोटही बदलतं: चाहूलचं चाहुली, पाणीचं पाण्या, देऊळचं देवळा. प्रत्यय तोडून मूळ शब्द ओळखण्यासाठी गोल्डनडिक्टमध्ये हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाच्या फायली जोडायची सोय आहे, पण मी त्या वाटेला गेले नाही. मूळ शब्द हातानंच टाइप करते. त्यात दोन सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात शब्दाकडे पुन्हा एकदा पाहिलं जातं. मला ते सोयीचंच वाटलं.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘तऱ्हा’, ‘बिऱ्हाड’, ‘वाऱ्याचा’ यांतला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका पद्धतीत त्याचं स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसरीत साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. माझा काही मजकूर फोनवर आणि काही संगणकावर टाइप झाला होता, त्यामुळे ‘वाऱ्याचा’ शोधल्यावर निम्मेच सापडले. ‘ॲ’चीही हीच गत: एकसंध अक्षर वेगळं, ‘अ’वर चंद्र दिलेलं वेगळं. मी आधी सगळ्या मजकुरात शोधा-बदला करून एकच पद्धत ठेवली आणि मगच शब्दांच्या कामाला हात घातला. हा क्रम उलटा करू नये. शब्द किती वेळा आलाय हे मोजण्यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं.

आता मुख्य काम. समानार्थी शब्द.

इंग्रजीत पीटर मार्क रॉजे यांनी १८५२मध्ये अर्थानुसार गट पाडलेला कोश छापला आणि थिसॉरस म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे ही कल्पना कितीतरी जुनी आहे. अमरकोश हा जुना संस्कृत कोश वर्णानुक्रमानं लावलेला नाही, अर्थाच्या वर्गांनी रचलेला आहे. त्यातल्या शब्दादिवर्गात निनाद, ध्वनी, रव, स्वन, निर्घोष, नाद अशी सर्वसाधारण आवाजाच्या नावांची रांग आहे, आणि लगेच पुढे विशेष नावं सुरू होतात: वस्त्रांचा आणि पानांचा आवाज तो मर्मर, दागिन्यांचा तो शिंजित. या दोन ओळी वाचताना माझ्या कामाची दिशाच ठरली. मला आवाजाच्या जागी दुसरा शब्द नको होता. आवाजाच्या पोटातले शब्द हवे होते.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. समानार्थी शब्दांच्या यादीत ‘आवाज’ टाकला की ध्वनी, नाद, रव, स्वर असे शब्द येतात. ते सगळे आवाजाइतकेच रुंद आहेत. ‘पाण्याचा आवाज’च्या जागी ‘पाण्याचा ध्वनी’ लिहून वाचकाला जास्त काहीच ऐकू येत नाही, उलट भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. त्याउलट ‘झुळझुळ’ म्हटलं की पाणी उथळ आहे, वाहतं आहे, संथ आहे, हे सगळं कळून जातं. ‘खळखळ’ म्हटलं की त्यात दगड आले आणि वेग आला.

अर्थाच्या अशा पायऱ्या संगणकाला शिकवण्याचं काम प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५मध्ये सुरू केलेल्या वर्डनेटनं केलं. त्यात शब्दांचे संच असतात. एका अर्थाचे सगळे शब्द एका संचात, आणि प्रत्येक संच त्याहून व्यापक व त्याहून नेमक्या अर्थांच्या संचांना जोडलेला. मराठी वर्डनेट मुंबईच्या आयआयटीत हिंदी वर्डनेटच्या आधारे तयार झालं. तिथे प्रत्येक संचाला व्याख्या आणि उदाहरणाचं वाक्य दिलेलं असतं. मी व्याख्येआधी उदाहरण वाचते. शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते तिथे दिसतं.

पण खरा खजिना निघाला मोल्सवर्थमध्ये, तोही उलट्या बाजूनं. गोल्डनडिक्टच्या नव्या आवृत्त्यांत शीर्षशब्दांबरोबर व्याख्यांच्या मजकुरातही शोध घेता येतो, शिकागोच्या संकेतस्थळावरही ती सोय आहे. मोल्सवर्थच्या व्याख्या इंग्रजीत असल्यामुळे पानांच्या सळसळीला इंग्रजीत जे म्हणतात तो शब्द व्याख्यांत शोधला, की ज्या ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आला आहे ते सगळे शब्द समोर येतात. गडगडाट, किणकिणाट, पुटपुट या अर्थांच्या इंग्रजी शब्दांनी हाच शोध घेत गेले. नादानुकारी शब्दांकडे मोल्सवर्थचं फार लक्ष होतं. हा शब्द कशाच्या आवाजाचं अनुकरण आहे, ते तो पुष्कळदा सांगतो. वर्णानुक्रमानं लावलेला पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीचा कोश असा शोधला की त्याचा आपोआप थिसॉरस होतो. समोर आलेल्या यादीतले बरेच शब्द माझ्या ओळखीचे होते, लिहिताना मात्र त्यांतला एकही आठवला नव्हता. थिसॉरसचा उपयोग मला इथे पटला: माहीत असलेला पण वेळेवर न येणारा शब्द समोर आणून ठेवणं. जे शब्द मी कधी ऐकलेच नव्हते ते वहीत लिहून घेतले, लेखात घातले नाहीत. ज्या शब्दाची लकब आपल्याला माहीत नाही तो केवळ कोशात आहे म्हणून वापरणं मला मान्य नाही.

यादी हाती आल्यावर प्रत्येक शब्द पुन्हा दाते-कर्व्यांकडे नेला. तिथे अर्थांना क्रमांक आहेत, जुन्या वाङ्मयातली अवतरणं आहेत, आणि मुख्य म्हणजे वाक्प्रचार आहेत. वाक्प्रचारांनीच मला ठिकठिकाणी थांबवलं. ‘नाद’ घ्या. घंटेचा नाद म्हणता येतं, वीणेचा नाद म्हणता येतं. ‘गाडीचा नाद’ म्हटलं की मात्र तो माणसाला लागलेला असतो. लेखात दूरून येणाऱ्या गाड्यांचं एक वाक्य होतं, तिथे ‘नाद’ बसवायची सोयच नव्हती. ‘स्वर’ गाण्याकडे आणि व्याकरणाकडे ओढतो. ‘रव’ गद्यात एकटा आला की कवितेतून वाट चुकल्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका पंख्यावर. एका परिच्छेदात दुपारच्या खोलीत एक आजारी, वृद्ध गृहस्थ झोपलेले आहेत आणि वर जुना पंखा फिरतोय, असं वर्णन होतं. ‘पंख्याची घरघर’ अगदी तोंडावर होती, वर्डनेटच्या मानानंही ती योग्यच. पण घरघर लागणं म्हणजे शेवटचा श्वास घशात अडकणं. आजाऱ्याच्या खोलीत तो शब्द आला असता तर पंखा बाजूला राहून वाचकानं खाटेकडेच पाहिलं असतं, आणि माझ्या लेखातले गृहस्थ तर संध्याकाळी उठून चहा मागणार होते. ‘करकर’ पाहिली, ती कोरड्या चपलेची आणि नव्या बुटांची. ‘कुरकुर’मध्ये तक्रार आली. ‘गुरगुर’ कुत्र्याकडे गेली. शेवटी तिथे ‘पंख्याचा आवाज’ तसाच ठेवला आणि वाक्यात पंखा एका लयीत अडखळतो एवढं घातलं. कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगणार नाही, कारण त्याला खोलीत कोण झोपलंय ते माहीत नसतं.

काही ठिकाणी मात्र शब्द बदलल्याबरोबर वाक्यच आटोपशीर झालं. ‘पायऱ्यांवरून कुणीतरी वर येत असल्याचा आवाज आला’ याचं ‘पायऱ्यांवर चाहूल लागली’ झालं. कुणीतरी येणं, ते अजून न दिसणं आणि आपण सावध होणं, तिन्ही गोष्टी ‘चाहूल’मध्ये आहेतच. ‘दारामागून हळू आवाजात बोलणं ऐकू येत होतं’ याचं ‘दारामागे कुजबुज चालली होती’ झालं. अशा जागी मला फार आनंद झाला. नेमका शब्द मिळाला की आजूबाजूचे चार शब्द आपणहून निघून जातात, आणि दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा लहान होतो.

नुसता वेगळेपणा दिसावा म्हणून जिथे शब्द बदलले होते, तिथे तिसऱ्या वाचनात ‘आवाज’ परत आणला. तो साधा, सर्वांचा, कानाला न टोचणारा शब्द आहे. तीन ओळींत रव, निनाद आणि ध्वनी अशी पाळीपाळीनं पेरणी केलेला मजकूर वाचताना लेखकाची कोशाशी चाललेली झटापट दिसते, विषय दिसत नाही.

या कामातून एक फायदा कायमचा झाला. जमलेले शब्द मी एका साध्या टेक्स्ट फायलीत ठेवू लागले: आधी शीर्षशब्द, मग टॅब, मग त्याच्या पोटातले शब्द, प्रत्येकापुढे तो कशाबरोबर जातो याची चार शब्दांची नोंद. ‘कुजबुज: माणसांची, लपून’, ‘घरघर: जातं, यंत्र, घसा, आजाऱ्याजवळ नको’ अशा धर्तीवर. पायग्लॉसरी नावाच्या मुक्त साधनानं ही फाइल स्टारडिक्टच्या स्वरूपात बदलता येते, आणि मग ती गोल्डनडिक्टमध्ये बाकीच्या कोशांच्या बरोबरीनं उघडते. मी ती यादीत सगळ्यात वर ठेवली आहे. नवा शब्द आला की फाइल पुन्हा बदलून घ्यावी लागते, त्याला फारसा वेळ लागत नाही. शीर्षशब्द मात्र आजच्या शुद्धलेखनानं आणि एकाच युनिकोड पद्धतीनं लिहायचे, हे पहिल्या दिवसापासून पाळलंय.

सध्या त्या फायलीत ‘पाहणे’ची नोंद चालू आहे. निरखणे, न्याहाळणे, टेहळणे, डोकावणे, रोखून पाहणे, एवढे बसले. ‘निरखणे’ आणि ‘न्याहाळणे’ यांच्यापुढे काय लिहायचं ते अजून ठरत नाही. निरखण्यात मला पारख जास्त वाटते आणि न्याहाळण्यात माया, पण दाते-कर्व्यांतली अवतरणं वाचून झाल्याशिवाय ते फायलीत घालणार नाही.